आईला हा चित्रपट दाखवू का?

पत्र:

ताई,

माझं वय ४१. पुण्यात राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. गेल्या महिन्यात पुतण्याने घरी एक जपानी चित्रपट लावला, ‘नोबडी नोज’. आई चार मुलांना टोकियोतल्या फ्लॅटमध्ये सोडून निघून जाते आणि बारा वर्षांचा थोरला मुलगा घर चालवतो. चित्रपट संपला तसे मिस्टर म्हणाले, “असल्या बाईला जन्मठेप द्यायला पाहिजे.” मी एकदम त्यांच्यावर ओरडले. का ओरडले ते मलाच कळलं नाही. त्या रात्रीपासून नीट झोप नाही.

आम्ही मूळचे सोलापूरचे. वडील मागावर होते. कामासाठी म्हणून सुरतेला गेले ते परत आले नाहीत. आई विड्या वळायची. १९९६ साली मी बारा वर्षांची, भाऊ चौथीत, बहीण दुसरीत. त्या जूनमध्ये आई “चार दिवसांत येते” म्हणून भिवंडीला गेली. डब्यात दोनशे रुपये ठेवले होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मधे दोनदा कुणाच्या तरी हाती पैसे पाठवले. ती परत आली पुढच्या उन्हाळ्यात. तोवर मी शाळा सोडली होती. शेजारच्या अक्कांच्या विडी-कामगार कार्डावर विड्या वळायची. धाकट्या दोघांना शाळेतून महिन्याला तीन-तीन किलो तांदूळ मिळायचा, त्यावर चूल चालायची. बाई विचारायच्या, “आई कुठंय?” मी सांगायची, “मामाकडे गेलीय.” बहीण भुकेने रडली की मी तिला मारायची. एकदा पळीने मारलं. तिच्या भुवईजवळ अजून खूण आहे. ती त्याबद्दल कधी बोलत नाही.

आई आली, चूल पेटवली. कुणी काही विचारलं नाही, आजपर्यंत नाही. आता ती ६४ वर्षांची आहे, साखर आहे, भावाकडे असते. भाऊ म्हणतो, आता तुझी पाळी. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे येणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, “नवरा सोडून गेला, पण मी एकटीनं तीन लेकरं वाढवली.” भाऊ मान डोलावतो. माझ्या पोटात कालवतं. वाटतं, तिला एकदा त्या चित्रपटासमोर बसवावं. दाखवू का?

आणखी एक आहे, लिहायला लाज वाटते. माझी मुलगी आता बारा वर्षांची झाली. डबा अर्धा टाकून घरी येते तेव्हा मला तिचा राग येतो. खरं सांगायचं तर हेवा वाटतो. मी वाईट आई होतेय का?

नाव छापू नका.
एक वाचक, पुणे

उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नको. आई घरी आल्या आल्या तर नकोच.

एक साधी अडचण आधी बघा. चित्रपट जपानी आहे आणि जवळपास दोन तास वीस मिनिटांचा आहे. खाली इंग्रजी अक्षरं येतात. विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ती कोण वाचून दाखवणार? तुम्हीच. म्हणजे ती मुलं जे बोलतात ते तुमच्या तोंडून, तुमच्या आवाजात आईच्या कानावर पडणार, आणि तरीही तुमचं स्वतःचं एक वाक्यही बोलून होणार नाही. चित्रपट संपल्यावर आई म्हणेल, “काय ग बाई ती! पोरांना टाकून गेली!” किंवा म्हणेल, “हे मला कशाला दाखवलंस?” पहिलं म्हणाली तर तुम्ही आतून फुटाल. दुसरं म्हणाली तर भांडण होईल आणि ते त्या जपानी बाईवरून होईल. १९९६ चं सोलापूर बाजूलाच राहील.

आता तुम्ही ओरडलात त्याबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे.

दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांनी २००४ साली केलेल्या या चित्रपटामागे एक खरी घटना आहे. १९८८ मध्ये टोकियोच्या सुगामो भागात आईने टाकून दिलेली मुलं एका घरात सापडली. त्या आईवर खटला चालला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, पण ती अमलात न आणता स्थगित ठेवली गेली. चित्रपटात मात्र न्यायालय नाही, पोलीस नाहीत, आईला कुणी पकडून आणत नाही. कोरे-एदा यांनी त्या घटनेतलं बरंच बदललं आणि कॅमेरा घरातल्या मुलांजवळ ठेवला. मुलांना पटकथा वाचायला न देता, प्रसंगाच्या वेळी बोलायचं ते सांगून त्यांनी काम करून घेतलं. चित्रीकरण सुमारे वर्षभर चाललं. म्हणून आपल्या डोळ्यांदेखत मुलांचे केस वाढतात, कपडे आखूड होतात, थोरल्या अकिराचा आवाज फुटतो. ते काम करणारा युया यागिरा चौदा वर्षांचा असताना कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं.

आणि आई कशी दाखवली आहे ते आठवा. ती लाडिक आहे, हसरी आहे, मुलांशी मुलांसारखी खेळते, मुलीच्या नखांना रंग लावते. ती घरात असते तेव्हा ते चिमुकलं घर उजळून निघतं. अकिरा एकदा तिला स्वार्थी म्हणतो. त्यावर ती विचारते की मी सुखी व्हायचं नाही का. प्रश्न खोटा नाही. पण तो एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलेला आहे, आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर असूच शकत नाही.

तुमचे मिस्टर चित्रपट बघून बाहेरून बोलले. तुम्ही त्या घरात राहून आलेल्या आहात. आई येईल, आली की सगळं ठीक होईल, या आशेवर ज्याने महिने काढले त्याला त्या बाईला जन्मठेप झालेली चालणार नाही, कारण मग ती येणार कशी? तुमच्यातली बारा वर्षांची मुलगी अजून दाराकडे बघते आहे, म्हणून तुम्ही ओरडलात. आईवर प्रेम होतं आणि आहे. तिचा राग होता आणि आहे. दोन्ही एकाच वेळी असतात. त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायच्या फंदात पडू नका. मिस्टरांना मात्र एकदा शांतपणे सांगा की तुम्ही त्यांच्यावर का चिडलात. तुमच्या पत्रावरून मला शंका येते की त्या वर्षाबद्दल त्यांना फारसं माहीतच नाही.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी. तुमच्या पत्रात आई पानभर आहे आणि वडील दोन ओळींत संपले आहेत. सुरतेला गेले, परत आले नाहीत, झालं. चित्रपटातही तसंच आहे. चार मुलांचे बाप वेगवेगळे, अकिरा त्यांच्यातल्या काहींकडे पैसे मागायला जातो, कुणी थोडे टेकवतो आणि वाटेला लावतो. प्रेक्षक बाहेर येऊन बोलतात ते आईबद्दल. सोलापुरातून सुरतेला, भिवंडीला मागावर गेलेले आणि तिकडचेच झालेले पुरुष कितीतरी होते. त्यांच्या मागे हजार विड्यांच्या मजुरीवर घर ओढणाऱ्या बायकाही तितक्याच. तुमच्या आईला मी यातून सोडवत नाही. तीन लहान मुलांना दोनशे रुपयांवर ठेवून जवळपास वर्षभर न येणं याला गरिबी हे पुरेसं कारण नाही. त्याच वस्तीत तितक्याच गरीब बायका रात्री मुलांजवळ झोपत होत्या, आणि हे तुम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. पण या हिशेबात दोन नावं आहेत. तुम्ही आजवर सगळी रक्कम एकाच नावावर लिहीत आलात. जी परत आली तिच्यावर रागवता येतं. जो आलाच नाही त्याच्यावर रागवायलाही समोर कुणी नाही.

आता “मामाकडे गेलीय” याबद्दल. तुम्ही ते कबुलीजबाबासारखं लिहिलं आहे. मला ते वाचून तुमच्याबद्दल फार आदर वाटला. चित्रपटात दुकानातली मुलगी अकिराला म्हणते की पोलिसांना किंवा कल्याण खात्याला कळव. तो नको म्हणतो, कारण मग आम्हाला चौघांना एकत्र राहता येणार नाही, पूर्वी एकदा तसं झालं होतं आणि फार हाल झाले होते. तुम्हीही तेच राखत होतात. खरं सांगितलं असतं तर १९९६ च्या सोलापुरात काय झालं असतं? लहान मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन त्याच वर्षी मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयोगातून सुरू होत होती. तुमच्यापर्यंत ती पोहोचायला अजून बराच अवकाश होता. भाऊ मुलांच्या वसतिगृहात, बहीण मुलींच्या, तुम्ही कुणाच्या तरी घरी कामाला, हे अगदी होऊ शकत होतं. आज कायदा थोडा शहाणा झाला आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो की मुलांना संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा. तुमच्या वेळी हे कुणी तुम्हाला सांगणार नव्हतं. शिक्षिकेने विचारलं, पण घरी येऊन बघितलं नाही. अक्कांनी स्वतःच्या कार्डावर तुम्हाला विड्या वळू दिल्या, म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, आणि त्यांनी केलं ते त्यांच्या आवाक्यातलं होतं. मोठ्या माणसांनी जे विचारायला हवं होतं ते न विचारल्याचा दोष बारा वर्षांच्या मुलीच्या खोट्या उत्तरावर टाकू नका.

त्या तांदळाबद्दलही थोडं बोलायला हवं. १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालेल्या शालेय पोषण आहाराच्या त्या योजनेत शाळेत शिजवलेलं जेवण नव्हतं. ते सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिल्यानंतर येऊ लागलं. तुमच्या वेळी पहिली ते पाचवीच्या मुलांना महिन्याला तीन किलो धान्य मिळायचं आणि त्याला ऐंशी टक्के हजेरीची अट होती. म्हणजे तुमच्या घरात सहा किलो तांदूळ येत होता त्याचा अर्थ असा, की तुमचा भाऊ आणि बहीण त्या वर्षी शाळेत नियमाने जात होते. त्यांना उठवून, आवरून, वेळेवर कोण पाठवत होतं? स्वतःची शाळा सोडलेली मुलगी. तुम्ही पत्रात तांदूळ लिहिलात आणि त्यामागचं हे सोडून दिलंत.

यावरून तुमच्या आईच्या त्या वाक्यावर येते. “मी एकटीनं तीन लेकरं वाढवली.” ते ऐकून पोटात कालवतं, कारण त्या वाक्यात तुम्ही नाही. तुम्ही फक्त वाढवलेल्या तिघांपैकी एक आहात. आईने केलेल्या गुन्ह्यापेक्षा तुम्हाला हे जास्त झोंबतं, असं मला पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं. आई चुकली हे तिने कबूल करावं यापेक्षाही, तू होतीस, तू सांभाळलंस, हे तिने एकदा म्हणावं, अशी तुमची इच्छा आहे. चित्रपट दाखवून ते मिळणार नाही. ते मागावं लागेल.

कसं मागायचं? पाहुण्यांसमोर नाही. ती पाहुण्यांसमोर ते वाक्य बोलते कारण तिला तिथे मान मिळतो, आणि तिथे तिला खोटं पाडलंत तर ती पुन्हा कधीच खरं बोलणार नाही. दुपारच्या वेळी दोघीच असाल, हाताशी काही काम असेल, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, तेव्हा बोला. डोळ्याला डोळा भिडवून बसायची गरज नाही. उलट हात कामात असले की आपल्याकडच्या बायका मोकळ्या बोलतात. आणि प्रश्न मोठा ठेवू नका. “तू आम्हाला टाकून का गेलीस?” हा प्रश्न विचारलात की दार बंद होईल. “आई, तू भिवंडीला होतीस तेव्हा कुठे राहायचीस?” इथून सुरुवात करा. ती वर्षभर कुठे होती, कुणाकडे होती, तिकडे तिचे काय हाल झाले किंवा झाले नाहीत, यातलं तुमच्या पत्रात काहीच नाही. दुसऱ्या माणसाबरोबर गेली असेल. फसवली गेली असेल. लाजेने परत यायला उशीर केला असेल. किंवा तिकडे बरं वाटत होतं आणि मुलांची आठवण मागे टाकता येत होती, असंही असेल. यातलं कुठलंही उत्तर ऐकायची तयारी करूनच विचारा.

ती गप्प बसली तर गप्प बसू द्या. चिडली, “तेव्हा मी काय करायला हवं होतं?” असं म्हणाली तर तिला समजावत बसू नका, स्वतःचंही समर्थन करू नका. तुमचं एवढंच सांगा: “मला काही ठरवायचं नाही. तेव्हा या दोघांना मी सांभाळलं, हे तुला माहीत आहे एवढं मला ऐकायचंय.” पुन्हा पुन्हा बोलू नका. एकदा बोललात की तुमच्या बाजूचं काम झालं. तिच्या बाजूचं ती करेल किंवा नाही करणार. ६४ व्या वर्षी, आजारी, एका मुलाच्या घरून दुसरीकडे जाणाऱ्या बाईकडे स्वतःच्या आयुष्याची हीच एक गोष्ट उरलेली असते. ती सोडून द्यायला तिला अवघड जाईल. पण म्हणून ती ऐकून मान डोलवायला तुम्ही बांधील नाही. कुणी तुमच्यासमोर तसं म्हणालं तर तुम्ही शांतपणे म्हणू शकता, “हो, आणि मोठी मी होते.” यात आईचा अपमान नाही.

तिला घरी ठेवायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच ठेवा. तिला इन्सुलिन किंवा गोळ्या वेळेवर देणं, डोळे-पाय तपासून घेणं, तिच्या जेवणाचं बघणं, हे सगळं तुम्ही क्षमा न करताही करू शकता. लोक म्हणतील, मनातून माफ केल्याशिवाय सेवा करू नये. त्यांचं ऐकू नका. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील, तिने तुमचं केलं नाही तर तुम्ही का करायचं. त्यांचंही ऐकू नका. तुम्ही करणार आहात, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. फक्त भावाने सांगितलं म्हणून “पाळी” घेऊ नका. आई-वडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. जबाबदारी तिघांची आहे. तेव्हा किती महिने कुणाकडे, औषधांचा खर्च कुणी किती द्यायचा, ती दवाखान्यात असली तर कोण थांबणार, हे ती तुमच्या दारात उतरायच्या आधी तिघांनी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. नाहीतर भाऊ सुटेल आणि घर पुन्हा थोरलीच चालवेल. हे तुम्ही एकदा केलं आहे, बारा वर्षांच्या असताना, आणि तेव्हाही कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं.

मुलीबद्दल. नाही, तुम्ही वाईट आई होत नाही आहात. मूल आपल्या दुखऱ्या वयाला पोहोचलं की तिथली जखम वर येते. असं अनेकींना होतं आणि बहुतेक जणी ते कुणाला सांगत नाहीत. तुमची मुलगी अर्धा डबा टाकते कारण तिला माहीत आहे की संध्याकाळी घरी जेवण असणार. तुम्ही तिला ही खात्री दिली आहे. तुमच्याकडे ती नव्हती, म्हणून हेवा वाटतो. वाटू द्या. फक्त डब्यावरून “मी तुझ्याएवढी असताना” सुरू करू नका. त्या वेळी सांगितलं की तिला ती आपल्यावरची शिक्षा वाटते, आणि तुमची गोष्ट तिच्यासाठी कंटाळवाणी होऊन जाते. पुढे कधीतरी, जेवणाचा विषय नसताना, प्रवासात वगैरे, तिला आजीबद्दल आणि तुमच्याबद्दल सांगा. आजी घरी येते आहे, तर तिला काहीतरी कळायलाच हवं, नाहीतर तुमचा ताण तिला दिसेल आणि कारण दिसणार नाही. थोडं सांगा, खरं सांगा, आजीला राक्षसीण करू नका. चित्रपट तिलाही इतक्यात दाखवू नका. त्यात धाकट्या मुलीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

झोपेचं मात्र गांभीर्याने घ्या. महिना झाला म्हणता. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. किंवा तुमच्या डॉक्टरांकडून समुपदेशकाचं नाव घ्या. आई यायच्या आधी एक-दोनदा तरी कुणाशी तरी बोलून झालं पाहिजे. घरातली सगळी माणसं या गोष्टीत कुठे ना कुठे आहेत. बाहेरचं एक माणूस हवं.

आणि आता पळीबद्दल. हे मी शेवटी ठेवलं कारण इथे तुम्हाला करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

चित्रपटात एक काळ असा येतो की अकिराला घर नकोसं होतं. तो व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांना मित्र म्हणून घरी आणतो, धाकट्यांकडे दुर्लक्ष करतो, त्यांच्यावर चिडतो. आणि ज्या दिवशी धाकटी युकी पडते त्या दिवशी तो मैदानात बेसबॉल खेळत असतो. इतके दिवस ज्याने पाणी आणलं, भात शिजवला, हिशेब ठेवला, नववर्षाला आईने पाठवले असं भासवून भावंडांसाठी पैशांची पाकिटं दुसऱ्याकडून लिहून घेतली, तो एकदा इतर मुलांसारखा खेळायला गेला. दिग्दर्शक त्याबद्दल त्याला एका चौकटीतही दोषी धरत नाही. उलट त्या खेळात तो मुलगा चित्रपटभर दिसला नसेल इतका आनंदी दिसतो. मला तो प्रसंग बघवत नाही, आणि तरी तो चित्रपटात असायलाच हवा होता असं मला मनापासून वाटतं. बारा वर्षांच्या मुलाला आईचं काम दिलं तर तो ते मुलाच्याच कुवतीने करणार. कधी उत्तम करेल, कधी हात उगारेल, कधी पळून जाईल.

तुम्ही बहिणीला मारलंत. ते वाईट होतं, आणि तिला लागलं. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला आई कुठे आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही लहान होतात म्हणून तिला लागलं नाही असं होत नाही. पण तुम्हीही मार देणारी मोठी बाई नव्हतात. तुम्ही दिवसभर पानं कापून, तंबाखू भरून, रात्री रिकाम्या डब्यात हात घालणारी मुलगी होतात. ही दोन्ही वाक्यं बहिणीशी बोलताना तुमच्याजवळ हवीत, म्हणजे तुम्ही सबबही सांगणार नाही आणि पाया पडून मोकळ्याही होणार नाही.

ती बोलत नाही याचा अर्थ ती विसरली असा घेऊ नका, आणि ती मनात धरून बसली आहे असाही घेऊ नका. तुम्हाला माहीत नाही, एवढंच खरं. आईशी बोलायच्या आधी तिच्याशी बोला. त्या वर्षाची तीन माणसं आहेत आणि तुम्ही ती गोष्ट आजवर एकटीच सांभाळत आला आहात. भाऊ मान डोलावतो, कारण त्याच्या आठवणीत कदाचित परत आलेली आई आणि पेटलेली चूलच मोठी असेल. बहिणीला बाकीचं आठवत असण्याची शक्यता जास्त आहे.

फोनवर नको. तिच्या घरी जा, मुक्कामाला जा, मुलीला आणि मिस्टरांना न घेता. चित्रपटाचं कारण सांगायचं असेल तर सांगा. ते कारण खरं आहे. मग तिला विचारा की तुला त्या वर्षातलं काय आठवतं, आणि ती बोलेपर्यंत थांबा. तुम्हाला आठवतं त्यापेक्षा तिला काही वेगळंच आठवत असू शकेल. कदाचित तुम्ही तिची वेणी घालून द्यायचात ते. कदाचित तुम्ही तिला घरात कोंडून कामाला जायचात ते, जे तुम्ही विसरला आहात. जे निघेल ते निघू दे. खुणेबद्दल तुम्ही स्वतः बोला. तिने विषय काढायची वाट बघू नका: “ती खूण माझी आहे. तेव्हा मला भीती वाटत होती. तुला लागलं, त्याचं मला वाईट वाटतं.” ती म्हणेल, “जाऊ दे ग, कधीचं ते.” तेव्हा विषय बदलू नका. तिला उत्तर द्यायचं नसेल तर तेही चालेल. तुम्ही बोललात हे तिने ऐकलेलं असेल.

भावाला आईच्या तारखेबद्दल त्यानंतर कळवा.